दीड किलो सोड्यांचा कॉम्प्युटर

ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याआधी त्याचा वास घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी रत्नागिरीची घरमालकीण होती. वय साठीच्या पुढे. नेमकं किती ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि विचारलं तर "दात मोज" म्हणायची. नवरा मासेमारीच्या नौकेचा तांडेल, म्हणजे नौकेवरचा मुख्य माणूस, म्हणून सगळी वाडी तिला तांडेलीण म्हणायची. पुढे नवरा गेला, नौकाही गेली, तरी तिचं नाव तेच राहिलं. रोज सकाळी ती पाटी घेऊन मासळीबाजारात बसायची आणि दुपारी घरी येऊन साबण लावलावून आंघोळ करायची. तरी पदराला मासळीचा वास राहायचाच. पहिले दोन महिने त्या वासाने माझं डोकं दुखायचं. आता कुठल्या बाजारातून जाताना तो वास आला, की मी उगाचच दोन मिनिटं थांबते.

मी सांगलीकडची. एका खासगी कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी लागली म्हणून रत्नागिरीला आले आणि भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, खाडीकाठच्या तिच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घाटावरची काय गो तू? मासे खातंस?"

"खाते," मी म्हटलं, "पण काटे जमत नाहीत."

"मग खातंस असं कशाला सांगतंस?"

झालं. मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आणि तो येताच समोरच्या माणसाला हसू फुटतं, ही माझी जुनी अडचण. तांडेलीण तर पदर तोंडाला लावून हसली. पण त्याच रात्री तिने मला सुरमईचा मधला तुकडा वाढला, ज्यात एकच काटा असतो, आणि तोही बोटाने काढून दिला.

तिचे नेम विचित्र होते. घराच्या ओट्यावर चपला घालून चढलेलं तिला चालायचं नाही. उंबऱ्याच्या आत नाही, ओट्यावरसुद्धा नाही. पोस्टमन, गॅसवाला, क्लासचे आमचे संचालक, सगळे खाली चपला काढून वर यायचे. मला वाटलं, सोवळंओवळं असेल. तर म्हणाली, "नौकेवर चपला घालून कोन चढतो काय?"

"पण ही नौका नाही, हा ओटा आहे."

"व्हय. नौका आता नाय, म्हणून ओटा."

दुसरा नेम पाठ फिरवण्याचा. घरातून, गावातून, खाडीतून कोणीही निघालं, की ते माणूस दिसेनासं होईपर्यंत तांडेलीण पाठ फिरवायची नाही. हात हलवायची नाही, बोलायची नाही, नुसती त्याच्याकडे तोंड करून उभी राहायची. एकदा दिवाळीला मी सांगलीला निघाले तर बाजारातून रिकामी पाटी घेऊन बाई थेट एसटी स्टँडवर हजर. गाडी लागली, मी खिडकीत बसले, आणि कंडक्टर चहाला गेला तो वीस मिनिटं परत आलाच नाही. तेवढा सगळा वेळ ही पाटी काखेत धरून माझ्याकडे बघत उभी. लोक आळीपाळीने तिच्याकडे आणि माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जा आता," मी खिडकीतून हाताने खुणा केल्या. ढिम्म हलली नाही. परत आल्यावर मी भांडले तर शांतपणे म्हणाली, "आपन पाठ फिरवली, की गेलेल्या माणसाला मागं कोन बघतंय असं वाटत नाय. मग तो कशाला येईल परत?"

तिच्या घरच्या दुपारी मला अजून आठवतात. क्लास सकाळी आणि संध्याकाळी असायचा, त्यामुळे दुपारभर मी मोकळी. खाडीच्या पाण्यावरचं ऊन उलटं होऊन आमच्या छपराच्या आतल्या बाजूला हलत राहायचं, आणि चटईवर पडल्यापडल्या आपणच पाण्याखाली आहोत असं वाटायचं. ओट्यावर ती कोळंबी सोलत बसलेली असायची. सोललेली कोळंबी उन्हात कडक वाळली की तिचे सोडे होतात, आणि तांडेलिणीच्या हातचे सोडे म्हणजे रत्नागिरीत नाव घेऊन मागायची वस्तू. लोक मुंबईला, पुण्याला, परदेशात न्यायचे. ती सगळ्यांना द्यायची नाही. चेहरा आवडला तर द्यायची.

अशाच एका दुपारी तिने मान वर न करता विचारलं, "मास्तरीणबाय, गेम खेळायचा कॉम्प्युटर केवढ्याला पडतो गो?"

"कोणाला हवाय?"

"मला."

मी उठून बसले. चेष्टा करते आहे असं वाटलं, म्हणून आकडा जरा वाढवूनच सांगितला. तिच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. मग म्हणाली, "एवढ्यात जुनं इंजिन येईल नौकेचं." आणि परत सोलायला लागली. पण सोलतासोलता तिने मला सगळं सांगितलं, आणि ते ऐकल्यावर चेष्टेचं नाव निघालं नाही.

तिला एक मुलगी, सावर्ड्याला दिलेली, आणि एक मुलगा. मुलगा विशीतच बापाच्या नौकेवर खलाशी म्हणून जायला लागला होता. एकदा वादळात नौका दोन रात्री परत आली नाही. तिसऱ्या दिवशी बाप-लेक दोघे सुखरूप आले, जेवले, झोपले. पण हिची झोप त्या दोन रात्रींनी कायमची नेली. पुढच्या वर्षी नवरा घरीच, छातीत कळ येऊन गेला. मुलगा म्हणाला, आता तांडेल मी. आणि हिने तेराव्याचे विधी आटपताच माहेरी दाभोळला निरोप धाडून नौका परस्पर विकून टाकली. मुलगा सकाळी बंदरावर गेला तर नौका जागेवर नाही.

"शिव्या दिल्या काय त्याने?" मी विचारलं.

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता माज्याकडं बघून गेला. महिनाभरात आखातात. चार वरसं झाली. भैनीला फोन करतो. माजा फोन उचलतो, 'बरा हाय' म्हनतो, आणि ठेवतो." मग म्हणाली, "चुकलं माजं. इकली म्हणून नाय गो. परत इकावी लागली तर परत इकीन. पन त्याला इचारलं नाय. त्याचीबी होती ती नौका."

आणि गेम? तर सावर्ड्याच्या मुलीने येऊन सांगितलं होतं, की भाऊ दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी खोलीवरच्या सोबत्यांबरोबर एक समुद्राचा गेम खेळतो. त्यात शिडाची मोठी नौका असते, बेटं असतात, मासे धरता येतात, आणि हा तिथला कप्तान. कोणीही कुठूनही त्या नौकेवर खलाशी म्हणून जाऊ शकतं.

"त्याची खरी नौका मी इकली. आता तो खोटी चालवतो," तांडेलीण म्हणाली. "मला त्या नौकेवर जायचं हाय."

"जाऊन काय सांगणार?"

"काय नाय. मला बोलायचं नाय, आयकायचं हाय. 'बरा हाय'च्या पुढं त्याचा आवाज कसा हाय तो मला आयकायचाय."

मी पार विरघळले, आणि विरघळले की मी नेहमी नको ते कबूल करते. म्हटलं, मी बांधून देते कॉम्प्युटर. मग तिने अटी घातल्या. मुलाने बहिणीमार्फत पाठवलेल्या पैशांतला एक रुपया लावायचा नाही. सोनं मोडायचं नाही. मासळीच्या पैशांच्या डब्यात जे साठलं होतं तेवढेच रोख, आणि ते अगदीच बेताचे. उरलेलं सगळं सोड्यांवर. "सोड्यांवर कॉम्प्युटर मिळत नाही हो," मी म्हटलं. ती म्हणाली, "तू कधी मागून बघितलास काय?"

मी वहीत यादी केली. प्रत्येक भागासमोर तो काय करतो ते तिला समजावून सांगितलं, आणि तिने आपली यादी आपल्या परीने मनात लावून घेतली. पॉवर सप्लाय म्हणजे इंजिन. तिथे मात्र काटकसर नाही, इंजिनात कंजुषी केली तर नौका मधेच राहते. डब्यातले बहुतेक पैसे त्यावरच गेले. मदरबोर्ड म्हणजे तळ. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तांडेलाचे डोळे. रॅम म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढीशी पट्टी, आणि ती इसरून जाते बंद केल्यावर? मग ठेवायची कशाला?"

मदरबोर्ड आणि प्रोसेसर आमच्या क्लासातल्या मोडीत काढलेल्या मशीनचे मिळाले. संचालकांना मी आठवडाभर विनवत होते, ते नियम सांगत होते. तांडेलीण एकदाच आली, चपला खाली काढल्या, टेबलावर वर्तमानपत्रातली पुडी ठेवली आणि सोडली. सोड्यांचा वास त्या वातानुकूलित खोलीत असा पसरला, की संचालकांनी डोळेच मिटले. म्हणाले, "माझ्या आईच्या हातच्या सोड्यांच्या खिचडीला असा वास यायचा." अर्ध्या किलोत काम झालं. वर जुना मॉनिटरही दिला, ज्याच्या पडद्यावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ कायमची उमटलेली होती. मला ती रेघ खुपायची. तांडेलीण तिला डोलकाठी म्हणायची.

आता ग्राफिक्स कार्ड. तो प्रकार सावर्ड्याच्या पुढे, नदीकाठी घडला. तिच्या जावयाच्या ओळखीचा एक जण गेम खेळायचं दुकान बंद करून सामान विकत होता. आम्ही दोघी एसटीने गेलो. त्याने एक कार्ड समोर ठेवलं, पुसून चकचकीत केलेलं. किंमत इतकी कमी, की मी तिला कोपराने ढोसलं, घे म्हणून. तिने कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं, पंख्याच्या पात्यांमध्ये बोट घातलं, माशाचे कल्ले उघडून बघतात तसं, आणि नाकाला लावलं. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"हे बुडालेलं हाय," ती म्हणाली.

"काय बोलताय आज्जी! एकदम कोरडं ठेवलेलं आहे. आईशप्पथ."

"आयशीला मधे आनू नको. हे वाशिष्ठीच्या पान्यात बुडालंय. पुरात. तू धुतलंस, वाळवलंस, ब्रशानं घासलंस. पन माजा जनम दाभोळचा. त्या नदीचा गाळ आमच्या दारात येऊन पडायचा. त्याचा वास मला तू सांगू नको."

तो पोरगा लालबुंद झाला. मग खाली बघून पुटपुटला, की दुकानात पाणी शिरलं होतं, सगळंच गेलं, काय करणार? मला वाटलं ही आता त्याला बाजारातल्या भाषेत सोलून काढणार. तर ती त्याच्या शेजारी बाकावर टेकली आणि विचारलं, "घरात किती चढलं होतं रे?" त्याने छातीपर्यंत हात नेऊन दाखवला. मग बराच वेळ ती दोघं पुराविषयीच बोलत बसली. बुडालेलं कार्ड, भाव, मी, सगळं बाजूला राहिलं. शेवटी तो आत गेला आणि माळ्यावर ठेवल्यामुळे वाचलेलं, स्वतःसाठी राखून ठेवलेलं कार्ड घेऊन आला. तिने त्याचाही वास घेतला. "धुळीचा येतो. चांगला हाय." एक किलो सोडे आणि डब्यातले उरलेसुरले पैसे, एवढ्यात ते कार्ड आमचं झालं. निघताना पोरगा दारात आला, तर ही उलट्या पावलांनी चालत, त्याच्याकडे तोंड करून वळणापर्यंत गेली. मी तिला दोनदा गटारात पडता पडता वाचवलं.

कॅबिनेट म्हणून आंब्याची पेटी. एप्रिल महिना होता, वाडीत पेट्यांना तोटा नव्हता. मी नाक मुरडलं, तर म्हणाली, "पेटीला फटी कशाला असतात? आंब्याला वारा लागायला. याला नको वारा?" बरोबरच होतं. मी फळीवर मदरबोर्ड बसवला, पंखा लावला, आणि खरं सांगते, क्लासातल्या डबा मशीनपेक्षा ते गार राहायचं. घोटाळा तिने केला. मी क्लासला गेले असताना तिने पेटीच्या लाकडाला आतून-बाहेरून माशाचं तेल चोळून ठेवलं. खाऱ्या हवेने नौका खराब होऊ नये म्हणून हंगामाआधी चोळतात तसं. संध्याकाळी मी कॉम्प्युटर चालू केला, पेटी तापली, पंखा फिरायला लागला, आणि त्या वासाचा असा झोत घरभर सुटला, की मी बाहेर पळाले. बाहेर ओट्यावर मांजरं. अर्ध्या तासात वाडीतली झाडून सगळी मांजरं येऊन पेटीसमोर अर्धगोल करून बसली. वास पुढे कमी झाला, पण मांजरांनी हक्क सोडला नाही. कॉम्प्युटर चालू झाला की ती यायचीच.

सगळं जुळल्यावर, माझ्या फोनवरून इंटरनेटही जोडल्यावर, मी म्हटलं, "एक माइक राहिला. स्वस्तात मिळेल."

"नको."

"अहो, उद्या बोलावंसं वाटलं तर?"

"मी बोलले तर तो जाईल. मला आयकायचं हाय, किती येळा सांगू?" स्पीकरची एक जोडी कुठूनशी मिळाली, त्यातला एकच वाजायचा. तेवढा तिला पुरे होता.

मुलीने भावाला सांगून ठेवलं: माझ्या ओळखीचं एक माणूस आहे, नवीन आहे, बोलत नाही, पण कामाचं आहे, घे तुझ्या नौकेवर. यातला शब्द न् शब्द खरा होता. गेमनेच दिलेलं काहीतरी इंग्रजी नाव आम्ही तसंच ठेवलं. कीबोर्डवरच्या ज्या चार अक्षरांनी चालायचं, त्यांवर तिने कुंकवाची बोटं टेकवली. मी हसले तर म्हणाली, "पूजा नाय करत. खूण हाय." माऊस मात्र तिला पहिल्या दिवसापासून जमला. जाळ्याची दोरी धरणारा हात तो, त्याला काय अवघड?

पहिल्या शुक्रवारी दुपारी पडद्यावर समुद्र उघडला. निळा, हिरवा, मधेच जांभळा होणारा. त्याचा उजेड भिंतीवर हलायला लागला, छपरावर खाडीचा उजेड आधीच हलत होता, आणि त्या दोन उजेडांच्या मध्ये ती बाई, केसात अबोलीची वेणी, खुर्चीवर मांडी घालून. स्पीकरमधून तिघा-चौघांचं हसणं आलं, आणि मग एक आवाज सोबत्यांना हिंदीत म्हणाला, "लंगर उठाओ, चलो चलो!"

तिने माऊस सोडला. "जाड झाला आवाज," ती हळूच म्हणाली. "बापसासारखा झाला." आणि मग डोळे न पुसता तशीच बघत राहिली.

गेममध्ये शिरल्यावर तिने पहिली मागणी केली ती चपलांची. तिच्या खलाशाच्या पायात गुडघ्यापर्यंतचे बूट होते. "नौकेवर चपला? काढ आधी!" मी शोधशोध करून कपड्यांच्या पेटीत ते बूट काढायची सोय हुडकून काढली. सगळ्या नौकेवर तेवढा एकच खलाशी अनवाणी. सोबती हसायचे, "ये भाई जूता कहाँ भूल आया?" मुलगाही हसायचा. दुसरं, ती नाळेवर पाय ठेवायची नाही. नाळ म्हणजे नौकेचं पुढचं टोक. तिची पूजा करतात, तिच्यावर उभं राहत नाहीत. मुलगा मात्र दुर्बीण घेऊन तिथेच उभा असायचा, आणि ही दर वेळी पुटपुटायची, "उतर रे बाबा, उतर." तिसरं, तो होडी घेऊन एखाद्या बेटावर गेला, की हिचा खलाशी सगळी कामं टाकून मागच्या टोकाला जायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे तोंड करून उभा राहायचा. मला एसटी स्टँड आठवायचा.

पण मासे धरण्यात तिचा हात कोणी धरत नव्हता. गळ कधी टाकायचा, कधी ढिला सोडायचा, तिला कोणी शिकवावं लागलं नाही. "क्या बात है भाई!" मुलगा म्हणायचा, आणि ही इकडे लाजायची. महिनाभर ते शुक्रवार असे गेले, की आठवड्यातले बाकीचे दिवस आम्ही दोघी नुसत्या ढकलत होतो. बाजारात बसल्याबसल्या ती मला फोन करायची, "आज वार कोनता गो?" अजूनही दुपारी माझा डोळा लागला, की मला ते दोन्ही समुद्र एकदम दिसतात, आणि कुठला खरा ते जागं होईपर्यंत कळत नाही.

मग जून लागला, आणि तांडेलिणीने गळ खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बंदी लागली. नौका वर ओढल्या सगळ्यांनी. आता दोन महिने मासे अंडी घालतात. आता कोन धरतो मासे?"

"अहो, तो गेम आहे! त्यातले मासे अंडी घालत नाहीत."

"तुला काय म्हाईत?"

मी डोक्याला हात लावला. समोर सोबती ओरडत होते, मासे पकड म्हणून. त्या नौकेची कमाईच माशांवर होती. हिचा खलाशी हात बांधून उभा. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक सोबती म्हणाला, "निकालो इसको, किसी काम का नहीं." इतक्या खटपटीने नौकेवर चढवलेली ही बाई आता एका गळासाठी तिथून उतरणार होती. "एक मासा धरा हो," मी अक्षरशः हात जोडले, "तुमच्या मुलासाठी. तो काढून टाकेल तुम्हाला."

"काढू दे," ती म्हणाली. "ह्याच्या बापसानं उपाशी काढले आषाढाचे दिवस, पन बंदीत जाळं टाकलं नाय. त्याच्या पोरासमोर मी टाकू?"

स्पीकरमधून मुलाचा आवाज आला, पहिल्यांदाच थेट हिला उद्देशून. "भाई, मछली क्यों नहीं पकड़ता?" मी पडद्याखालची लिहायची चौकट उघडली. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खरं हाय ते लिही." मी लिहिलं: बंदी हाय.

सोबत्यांचा गलका चालू होता. थोड्या वेळाने कप्तान नौकेवरून नाहीसा झाला. त्या आठवड्यात तांडेलीण जेवली नाही असं मी म्हणणार नाही. जेवली, पण ताटात बघून. मला सोडे निवडायला बसवलं आणि एकदाही माझ्या हाताला नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते समजावं. मी स्वतःलाच शिव्या घालत होते. कशाला ते दोन शब्द लिहिले? मासे नकोत, प्रकृती बरी नाही, काहीही लिहिता आलं असतं.

पुढच्या शुक्रवारी तिने वेणी माळली नाही. "बघ, दार उघडतंय काय," म्हणाली. मी कॉम्प्युटर चालू केला. मांजरं आली. समुद्र उघडला, आणि आम्ही अजून नौकेवरच होतो. सोबती कोणीच नव्हते. नाळेवर कप्तानही नव्हता. मी माऊस फिरवून मागे बघितलं, तर तो मागच्या टोकाला, ही जिथे उभी राहायची तिथे, हिच्याकडे तोंड करून उभा होता.

तांडेलीण पडद्याच्या जवळ वाकली. "त्याच्या पायात काय हाय गो?"

मी नीट बघितलं. "काही नाही. बूट काढलेत त्याने."

नौका आपली हलत होती. मग त्या एकुलत्या एक स्पीकरमधून आवाज आला, घरच्या बोलीत, अगदी खालच्या पट्टीत. "आये, जेवलीस काय?"

"जेवलंय रे!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मांजरं पळाली. "कधीच जेवलंय! तू जेवलास काय?"

"आये?" त्याने परत विचारलं. "तूच हायस ना?"

"मीच हाय! कोन असनार?" तिने मॉनिटर दोन्ही हातांनी धरला. "अगो, त्याला आयकू का जात नाय?"

"माइक नाही," मी म्हटलं. "तुम्हीच नको म्हणालात."

"मग आता काय करू गो मी?" त्या बाईला मी पुराच्या गोष्टी ऐकताना पाहिलं होतं, नवऱ्याच्या मरणाचं सांगताना पाहिलं होतं. इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. "तो जाईल. तो परत जाईल गो!"

मी कशीबशी ती चौकट उघडली आणि लिहिलं: जेवलंय. मीच हाय.

आणि मग देवाच्या फळीवर ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला. ती जागची हलेना. हात पदराला पुसत राहिली, दोनदा, तीनदा, जणू हाताला खवले चिकटलेत. "अहो घ्या ना!" मी किंचाळले. तेव्हा तिने फोन उचलला, कानाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"आयकतंय," ती म्हणाली. "तू बोल."

तो बोलत राहिला, आणि ती ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने एकदाच म्हणाली, "व्हय बाबा. मी तुला इचारायला पायजे होतं." मी उठून बाहेर जायला निघाले. दारातून मागे बघितलं. कॉम्प्युटर बंद करायचा राहिलाच होता. त्या नौकेच्या मागच्या टोकाला दोघं समोरासमोर तोंड करून, अनवाणी उभी होती.